दोन्हीकडून

उरुग्वेतल्या पायसांदू शहरातली सूतगिरणी बंद पडली आणि नेरेओ बेकारभत्त्यावर आला. तेव्हापासून दर रविवारी त्याचा मेहुणा हेबेर अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजताना सगळ्यांसमोर सुरू व्हायचा. "या, सरकारी जावई! काम शोधलंत की याही आठवड्यात झोपाच काढल्यात? राबायचं आम्ही आणि खायचं तुम्ही, मजा आहे बुवा!" सगळे हसायचे. नेरेओ मान खाली घालून जेवायचा. त्याची बायको इल्दा भावाला काही बोलायची नाही, पण तिला घास उतरायचा नाही.

पाच महिन्यांनी नेरेओला संत्री भरायच्या कारखान्यात काम मिळालं. त्या रविवारी तो ताठ बसला होता.

"उद्यापासून कामावर. जाता जाता कचेरीत कळवतो, म्हणजे भत्ता बंद होईल," तो म्हणाला.

हेबेर त्याच्याकडे बघतच राहिला. "कळवता? डोकं ठिकाणावर आहे ना, जावईबापू? अजून महिनाभर मिळणार आहे तो! गप्प बसायचं, पगारही घ्यायचा आणि भत्ताही. माझा भत्ता चालू असताना गोदामात लागलो, तेव्हा मी काय केलं? चार महिने दोन्हीकडून घेतलं. कुणाला कळलं का कधी?"

अंगणातल्या सगळ्यांच्या माना हेबेरकडे वळल्या. त्याची आणि इल्दाची म्हातारी आई लेकाकडे टक लावून पाहत होती.

"आज कळलं की, दादा," इल्दा म्हणाली, आणि पोटभर जेवली.