पंधरावी स्टिक

"स्टिका मोजल्यास?" दादानं तिसऱ्यांदा विचारलं. ही फेरी निभावली की तो प्रो गोल्फर होणार होता. "मोजल्या ना! सारखं काय?" त्याची बॅग उचलत मी खेकसले; ती वाहायचं काम माझं. मोजल्या नव्हत्या.

पहिल्याच होलवर बॅगेत सरावाची जुनी स्टिक हाताला लागली. नियमानं चौदाच चालतात, ही पंधरावी.

"झुडपात टाकते, कुणी बघत नाय."

दादानं हात वर करून रेफरीला स्वतःच बोलावलं. दोन फटके दंड बसला. फेरी संपली तेव्हा एकाच फटक्यानं प्रो व्हायचं हुकलं.

"मोजायचं माझ्याकडूनच राहिलं, बाबा," तो फोनवर म्हणाला.

आज सरावाला निघताना त्यानं मला विचारलंच नाही. खाली बसून स्वतःच मोजत होता.

"एक शिवी तरी घाल की रे," मी म्हणाले.

"नऊ," तो म्हणाला, "दहा..."