झाडाखालची जागा

मॉलच्या दारातल्या उंच ख्रिसमस ट्रीवर दिव्यांच्या माळा चढवताना शॉक लागून जितेंद्र गेला. तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची आई, मनकर्णाबाई, कामठीहून ऑटोनं एकटीच तिथं आली. झाड लखलखत होतं. फोटो काढायला रांग लागली होती.

"माहा पोरगा कोणत्या जागी पडला गा?" तिनं गार्डला विचारलं.

"हळू बोला, मावशी," गार्ड कुजबुजला. "ते गिफ्टचे खोके ठेवले ना, तिथंच."

मनकर्णाबाई खोक्यांपाशी जाऊन खाली बसली. कापसाचा बर्फ बाजूला सारून ती फरशीवरून हात फिरवत राहिली.

मागून एका मुलीनं तिच्या खांद्याला हात लावला.

"झालं का तुमचं, काकू? आता आमचा नंबर आहे."