दिवाणखान्यातला वीरसेन

नग सदतीस पुकारला तेव्हा बाबनराव अजून जिन्यातच होते. वर हशा पिकला होता.

"मिशी पाहा, मिशी!" लिलाववाला ओरडत होता. "या मिशीवर नागपूरचे भले भले मालगुजार फिदा झाले होते!"

लोक पुन्हा हसले. कशाला हसले ते बाबनरावांना कळलं नाही, आणि विचारत बसायला फुरसत नव्हती. चित्र त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. गांधीबागेतल्या याच पेढीवर लुगडी उलगडून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दर लक्ष्मीपूजनाला गुलाबचंद शेट नोकरांना बायकामुलांसकट वर दिवाणखान्यात बोलवत, आणि समोरच्या भिंतीवर हा असायचा. नाटकातला राजा वीरसेन. डोक्याला मंदील, कमरेला तलवार, एक पाय पुढे. खालच्या पट्टीवर कंपनीचं आणि नटाचं नाव होतं म्हणे, पण ती पट्टी केव्हाच काळवंडून गेली होती. आता शेटजी गेले, आणि मुलांना दिवाणखान्याचं गोदाम करायचं होतं.

"दोनशे," बाबनराव दारातूनच म्हणाले.

सीताबर्डीचा एक जुन्या सामानाचा व्यापारी अडीचशेवर गेला. बाबनराव थेट चारशेवर. व्यापाऱ्यानं त्यांच्या मळक्या टोपीकडे पाहिलं आणि हसून हात जोडले.

"घ्या जी, तुमीच घ्या. तुमचं मन गुंतलं दिसते."

मन गुंतलं होतं खरं, पण बाबनरावांचं नव्हे. त्यांच्या बायकोचं.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गोविंदा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या लक्ष्मीपूजनाला सगळ्या बायका पेढ्यांच्या ताटाभोवती जमलेल्या, आणि शामला एकटी या चित्रासमोर. तिनं डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले. वळली तेव्हा डोळे भरलेले होते.

"कोन हाये वं हा?" बाबनरावांनी विचारलं.

"मले काय मालूम," ती म्हणाली, आणि घाईघाईनं बायकांत जाऊन बसली.

तेवढ्यात शेटजींच्या मांडीवरचा गोविंदा खुदकन हसला. डाव्या गालाला खळी पडली. बाबनरावांनी पोराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तीच खळी. तेच लांब, धारदार नाक. त्याच जुळलेल्या भुवया. शामला म्हणजे बापूजींची, तिच्या वडिलांची, हुबेहूब नक्कल. गोल तोंड, बसकं नाक. बाबनरावांच्या रूपाबद्दल तर न बोललेलंच बरं. मग पोरगं गेलं कुणावर? हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवलं. बापूजी नाटककंपनीत पेटी वाजवत. शामलाची आई ती लहान असतानाच वारली, असं सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं. म्हणजे बिनआईची तरणी पोर, आणि घरी नटांची वर्दळ. लग्नानंतरही शामला माहेरी वरचेवर जायची. संशयाला एवढं खतपाणी पुष्कळ झालं.

बाबनरावांनी पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त पोराला जवळ घेणं सोडलं. गोविंदा शाळेत पहिला आला तेव्हा ते पान लावत बसले. तो उमरेडला मास्तर झाला तेव्हा "बरं" म्हणाले. येत्या सोमवारी त्याचं लग्न होतं, आणि त्यांनी बजावलं होतं की मी मांडवात पाय ठेवणार नाही.

"बाबा, माहं काय चुकलं?" गोविंदानं विचारलं होतं. बाबनराव उठून बाहेर गेले होते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, हेही खरं. पण पोराचं ते नाक समोर आलं की आतून जाळ उठायचा.

दुपारी सायकलरिक्षातून चित्र सक्करदऱ्याच्या घरी आलं. शामला लग्नाचे तांदूळ निवडत होती. बाबनरावांनी चित्र तिच्यासमोर भिंतीला टेकवलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"मले समदं मालूम हाये," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"गोविंदा पाच वर्षांचा होता, तवापासून."

शामला पुढे सरकली. "वीस वर्षं? वीस वर्षं तुमाले मालूम हाये, अन् तरी मले घराबाहेर नाही काढलं?" तिनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाबनरावांनी पाय मागे घेतले. तिच्याकडून त्यांना रडणं हवं होतं, नाही तर भांडण. हे काय भलतंच?

"काहून लपवलं?"

"बापूजीनं शपथ घातली होती जी. सांगशीन तं कोनी तुले सून करून घेनार नाही म्हने. तुमच्या आईनं तं मले उंबऱ्यातही उभं केलं नसतं." तिनं डोळे पुसले. "माह्या खोट्याचा राग माह्यावर काढा. पोराचा काय दोष? सोमवारी त्याच्या डोक्यावर अक्षता टाका, पाया पडतो तुमच्या."

"कशा टाकू?" वीस वर्षांचं सगळं एकदम बाबनरावांच्या तोंडाशी आलं. "नाक पाह्य हे! भुवया पाह्य! पोरगं याच्यावर गेलं वं, याच्यावर!"

शामलानं चित्राकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. तिला काही उमजेना.

"याच्यावर मनजे? अवो, मिशी तं डिंकानं चिकटवे माही माय. नातू आजीवर नाही जानार, तं कोनावर जानार?"