गुणी नळ्या

बारावी नळी डेकवर आडवी झाली आणि फुसफुसायला लागली. नळीकाकांनी सवयीने तिच्या टोपणाला बारीक भोक पाडलं, नळी उन्हातच राहू दिली आणि फडक्याला हात पुसले. तपासणीसाठी उपसलेला समुद्राच्या तळाखालचा गाळ होता तिच्यात. आधी तिचा राग निघू द्यायचा, मग कापायची, हा काकांचा तीस वर्षांचा शिरस्ता. नाहीतर गाळ तोंडावर उडतो आणि लेबलं धड चिकटत नाहीत. काकांच्या नळ्या म्हणजे गुणी लेकरं, असं अख्खं जहाज म्हणायचं. काका "कसलं काय" म्हणत, पण आतून फुलून जात. त्यांची ही शेवटची फेरी होती.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. तिथल्या मॅडम वयाने काकांच्या लेकीएवढ्या, पण कामाला वाघ. नळ्या त्यांच्याकडे लिफ्टने जायच्या, पुसूनसवरून, लेबल लावून. आज लिफ्ट बिघडली, म्हणून त्या स्वतःच खाली उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या. हा आवाज कसला, त्यांनी विचारलं. काकांनी मोठ्या कौतुकाने आपली युक्ती सांगितली.

मॅडम तडक नळीपाशी गेल्या. करवत घेऊन त्यांनी नळी तिथेच चिरली. चिखलात अंगठ्याएवढा पांढरा खडा होता, बर्फासारखा. तो हातमोज्यावर घेऊन त्यांनी लायटर लावला. खडा पेटला. वर जाळ आणि खाली टपटप पाणी. जळणारा बर्फ काकांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते लहान मूल होऊन हसले.

मॅडम हसल्या नाहीत. तळाशी थंडीने आणि दाबाने गॅस बर्फात कोंडलेला असतो, वर आणला की अर्ध्या तासात उडून जातो, हे त्यांनी सांगितलं. गाळात असा बर्फ असेल आणि त्यातून गरम तेलाचा पाइप गेला, तर बर्फ वितळतो, गाळ सैल होतो आणि वरचं सगळं घेऊन घसरतो.

"आधीच्या अकराही अशाच राहू दिल्या होत्या, काका?"

काकांनी होकाराची मान हलवली. त्या अकरा नळ्यांवरून 'गॅस नाही' असा अहवाल तयार होता आणि त्याच्या भरवशावर, याच गाळावर उभ्या समोरच्या नव्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर उद्या गरम तेल सुरू व्हायचं होतं. तिथला फोरमन म्हणजे काकांचा मुलगा.

मॅडमनी करवत खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या की अहवाल आत्ता थांबवते, अकरा नळ्या पुन्हा काढू. कारण म्हणून यंत्राचा बिघाड लिहिते. काकांचं नाव कुठेच येणार नाही, इतक्या वर्षांची अब्रू घेऊन घरी जा.

काकांना नुसतं बरं म्हणायचं होतं. मुलगा वाचत होता, नावही राहत होतं. त्यांनी फडकं हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. या किनाऱ्यावर आणखी चार प्लॅटफॉर्म होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षं तेल वाहत होतं आणि प्रत्येकावर साठ-सत्तर माणसं राहत होती. इथून त्यांतला एकही दिसत नव्हता.

"माझं नाव लिहा, मॅडम," ते म्हणाले. "त्या चारही जागांच्या नळ्या मीच काढल्यात. सगळ्या अशाच."