ताण सुटल्यावर

अक्षया डिप्लोमाच्या परीक्षेसाठी धातूंचे गुणधर्म मोठ्याने पाठ करत होती. महिन्याभरापूर्वी रिटायर झालेले तिचे बाबा समोरच ओले काजू सोलत बसले होते.

"स्थितिस्थापक म्हणजे काय गो?" त्यांनी विचारलं.

"ताण काढलो काय जो धातू परत पयल्यासारखो होता, तो स्थितिस्थापक. पण ताण हद्दीभायर गेलो, तर मगे सोडलो तरी तो वाकडोच रवता."

"म्हंजे मी स्थितिस्थापक!" बाबा खूश झाले. "तीस वर्सां गोयच्या फॅक्टरीत मशीनीफुडे उभो रवलंय. जागो सोडूचो झालो तरी सुपरवायझराक इचारूचा लागायचा. आणि आता बघ, कसो मोकळो! आता मीच माजो सायब."

अक्षया हसली आणि पुन्हा पाठांतराला लागली. पुढचं पान उलटताना तिची नजर वर गेली. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि एक हात वर करून तिच्याकडे बघत होते.



"संडासात जावन येव काय?"