‘एकवीस’च्या मुखपृष्ठावरचा कंदील

“कंदील बोटीवरनं काढू नको गो बाय,” गोदूबाई म्हणाल्या होत्या. “त्याने दर्याला उजेड दाखवायचा असतो. ह्यांनी कधी चुकवलं नाय.”

सलोनीने सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेलं. ‘हे’ म्हणजे तिचे सासरे, बाबल्या तांडेल. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हाच तिचा नवरा दीपेश मुंबईची नोकरी सोडून हर्णेला परतला आणि बोटीची जबाबदारी त्याच्या अंगावर पडली. दर्याला उजेडच दाखवायचा तर बॅटरीने दाखवा, असं सलोनीचं म्हणणं. पाच वर्षांची ज्ञानेश्वरी सारखी बापाच्या मागे बोटीवर. रॉकेलचा कंदील तिच्या फ्रॉकजवळ दिसला की सलोनी तिला मागे ओढायची. शेवटी खेडच्या बाजारातून तिनेच चार्जिंगची बॅटरी आणली. “पाण्यात पडली तरी विझायची नाही, वहिनी,” दुकानदार म्हणाला होता.

आता कंदील रत्नागिरीत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, रावजी मास्तरांच्या टेबलावर.

मास्तरांच्या ‘एकवीस’ या विज्ञान कादंबरीला पन्नास वर्षं होत होती. वाचनालय प्रदर्शन भरवणार होतं आणि स्मरणिकेतला लेख सलोनीकडे आला होता. कॉलेजात असताना तिने ही कादंबरी तीनदा वाचली होती. त्यातले अंतराळवीर परग्रहावरचं कुठलंही बंद दार उघडलं की एकवीस आकडे मोजतात, मगच आत पाय टाकतात. का, ते पुस्तकात कुठेच नाही. आणि मुखपृष्ठावर यान नाही, तारे नाहीत. नुसता एक कंदील.

“कोणी म्हणतं एकविसावं शतक,” सलोनी म्हणाली. “एकांनी तर गणपतीच्या एकवीस दूर्वांशी जोडलंय.”

“दूर्वा!” मास्तरांना हसताना ठसका लागला. “मी गप्प राहिलो. लोक वाद घालायचे, पुस्तक खपायचं.”

तेवढ्यात दीपेशचा फोन आला.

“पोचलीस? आम्ही बोटीवर. खण धुवायला घेतोय.”

बोटीच्या पोटातला हा खण, मासळी आणि बर्फ ठेवायचा. बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढली तेव्हापासून दोन महिने बंद होता. चार दिवसांनी मासेमारी सुरू व्हायची होती.

“ज्ञानू कुठाय?”

“हितंच. आज मोजायचं काम बाईसाहेबांकडे.”

“तिला खणाच्या तोंडाशी येऊ देऊ नको हां. पाय घसरला तर?”

“अगो, ती लांब बसलीय. मी उतरणार. झाकण उघडायचं, उजेड खाली सोडायचा, एकवीस मोजायचं नि मग उतरायचं. बाबा करायचे तसंच सगळं. आईला सांग, नायतर डोकं खाईल माझं. फोन ज्ञानूकडे देतो, खाली पाणी आहे.”

सलोनीने फोन ठेवला आणि मास्तरांकडे बघतच राहिली.

“सर, आमच्या बोटीवरपण एकवीस मोजतात!”

“तिथूनच तर नाव आलं.” मास्तर खूश झाले. “मी तेव्हा हर्णेच्या शाळेत होतो. पुस्तक अर्धं लिहून झालं होतं, नाव सापडत नव्हतं. एकदा बोट बघायला गेलो. खणाचं झाकण नुकतंच उघडलं होतं. मी सरळ उतरायला निघालो. तुझ्या सासऱ्याने सदऱ्याला धरून मागे खेचलं. म्हणाला, ‘मास्तर, आधी ह्याला जाऊन येऊ दे.’ दोरीने कंदील खाली सोडला आणि लागला मोजायला. मला हसू आलं. म्हटलं, भुतं हाकलतोस काय रे बाबल्या?”

“मग?” सलोनीची पेन्सिल भराभर चालत होती. लेखाची सुरुवात तिला सापडली होती.

“त्याचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. अकरा, बारा, तेरा...” बोलता बोलता मास्तरांनी पुडक्यावरचा कागद सोडवला. काचेवरच्या तिरक्या चिरेवरून बोट फिरवलं आणि हात तिथेच थांबला.

“हा तर त्याचाच कंदील. हा इथे कसा?”

“मीच आणलाय, प्रदर्शनासाठी. बोटीवर आता बॅटरी असते.”

मास्तरांनी कंदील स्वतःकडे ओढला.

“सर? तेरानंतर काय झालं?”

“चौदाला कंदील विझला,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “वारा नव्हता, तेल भरलेलं होतं. मासळीची घाण कुजून बंद खणातली हवा मेलेली असते. एकवीसपर्यंत ज्योत जळत राहिली तरच बाबल्या माणूस उतरू द्यायचा.”

पेन्सिल खाली पडली. सलोनीने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

“आई?”

“ज्ञानू, बाबा कुठायत?”

“खाली. मी एकवीस मोजले, मग बाबा उतरले. मग मी परत एकवीस मोजले. परत पण मोजले.”

“हाक मार त्यांना. मोठ्याने मार!”

“मारली. ते झोपलेत.”

“तू खाली उतरू नको! ऐकतेस ना? खाली जायचं नाही! शेजारच्या बोटीवरच्या दादूकाकांना बोलव, ओरड, कोणालाही बोलव!”

“आई, ओरडू नको ना,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “अंधार नाय तिकडे. मी बघितलंय. तू आणलेली बॅटरी अजून पेटलेलीच आहे.”