रोवणीची सुट्टी

कारखान्याच्या पत्राला तेजरामने महिनाभर उत्तर दिले नव्हते. कोरोनामुळे अर्ध्या पगारावर घरी बसवलेल्या माणसाला त्यांनी लिहिले होते, 'वार्षिक सुट्टी हवी असल्यास अर्ज करावा.' ती ओळ कुसळासारखी मनात रुतली होती.

"घरी बसल्या मानसाले सुट्टी कायले देते? सुट्ट्या संपवून नाव कापाचा डाव हाय."

"मंग धानाच्या रोवणीसाठी मांगूनच पाहा नं," बायको पुष्पाबाई म्हणाली. "दरसाली साहेब 'मानसं कमी पडते' म्हणून नाही म्हणते. यंदाबी नाही म्हटलं, त समजाचं का कामावर मानसं लागते."

दुसऱ्या दिवशी तेजराम सानगडीच्या पोस्टात गेला. अर्ज पेटीत टाकला आणि हात जोडून पुटपुटला, "देवा, नामंजूर होऊ दे."